पायरी होणं सोपं नाही

(शतक महोत्सवाच्या अखंड हरिनाम सप्ताहात पाचव्या दिवशी दुपारी केलेलं भाषण. मंडळींच्या आग्रहावरून लिहून दिलं.)





दिंडीला शंभर वर्षं झाली. दिंडीचा इतिहास काल जुन्या मंडळींनी सांगितला, पहिल्या विण्यापासून आताच्या पाण्याच्या टँकरपर्यंत. त्यात भर घालावी असं आमच्याजवळ काही नाही. आम्ही चौथी शिकलेलो, शेती करतो आणि देवानं दिलेल्या गळ्यावर कीर्तन करतो. कमिटीनं आम्हाला विषय दिला, नम्रता. घरी येऊन सांगितलं तर आमच्या मंडळींनी तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, "सगळं गाव सोडून हा विषय तुम्हालाच दिला व्हय?" मायबाप हो, त्यांचं हसणं खरं आहे. ते का खरं आहे तेच आज सांगायचं आहे.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. आज आम्ही थोडी ख्रिस्ती लोकांची साधना सांगणार आहोत. लगेच कपाळाला आठ्या घालू नका. आमच्या गळ्यातली माळ जिथल्या तिथं आहे, एकादशी चुकलेली नाही आणि हरिपाठ रोज आहे. पण ज्याच्या विहिरीचं पाणी प्यालो त्याचं नाव घ्यावं, ही आपल्याकडची रीत आहे. नम्रतेचं पाणी आपल्या संतांनी आपल्या दारात आणून ठेवलं होतं. आम्ही ते पस्तीस वर्षं लोकांना वाटलं, स्वतः मात्र प्यालो नाही. प्यायला शिकलो ते परक्याच्या ओसरीवर.

कीर्तन झालं की लोक पाया पडतात. पहिल्या वर्षी आम्ही अंग चोरायचो. दुसऱ्या वर्षी सवय झाली. पाचव्या वर्षी कोण पाया पडला आणि कोण तसाच चपला घालून गेला, ते डोळे मोजायला लागले. अभिमान असा येतो. कपाशीच्या बोंडात अळी शिरली तरी बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं. वेचायला जावं तेव्हा कळतं की आत कापूस नाही. आम्ही व्यासपीठावर अमानित्वाचं निरूपण करत होतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माऊलींनी ज्ञानाची लक्षणं सांगितली, त्यात हे पहिलं लक्षण. मोठेपणा नको वाटणं. त्यावर आम्ही दोन-दोन तास बोलायचो आणि बोलून झाल्यावर नारळ मोठा मिळाला का लहान ते बघायचो.

आता २००९ सालची गोष्ट सांगतो. वारीत एका मुक्कामावर आपले विणेकरी तापानं पडले. वीणा जमिनीवर ठेवता येत नाही, कोणाच्या तरी गळ्यात ती द्यायला पाहिजे. आम्हाला वाटलं, ती आता आपल्याकडेच येणार. तेव्हाच्या दिंडीचालकांनी ती आमच्या चुलतभावाच्या गळ्यात घातली. तो आमच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. कीर्तन करत नाही, चार माणसांत बोलत नाही, खाली मान घालून चालतो. आमच्या डोक्यात सणक गेली. आम्ही रांग सोडली आणि पंढरपूरपर्यंत सामानाच्या ट्रकमागं चाललो. मुखात नाम होतं, पोटात निखारा होता. घरी आल्यावर तो निखारा बांधावर गेला. त्याचं आणि आमचं वावर बांधाला बांध. दर वर्षी नांगरताना आम्ही एक तास त्याच्या बाजूला सरकायचो, मग तोही सरकायला लागला. आठ वर्षं बोलणं नव्हतं.

तुम्ही विचाराल, वारीत काय करत होता? वारकरी तर एकमेकांच्या पाया पडतात. लहान-मोठा, जात-पात बघत नाहीत. हो, पडत होतो की. तो समोर आला की आम्ही वाकायचो, पण हात त्याच्या पायाच्या वर चार बोटं थांबायचे. बघणाऱ्याला वाटावं पाया पडले. आमचं आम्हाला माहीत, त्याचं त्याला माहीत आणि पांडुरंगाला माहीत. ती चार बोटांची जागा आमच्यानं आठ वर्षं ओलांडली गेली नाही.

२०१७ ला वारीहून आलो आणि वावरात काम करताना अंगठ्याशेजारच्या बोटात बाभळीचा काटा मोडला. साखरेचा आजार आहे हे माहीत होतं, पण पथ्य कोण करतो. पंधरा दिवसांत बोट काळं पडलं. मुलानं आपल्याच जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात नेलं. ख्रिस्ती सिस्टर लोकांचा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, बोट काढावं लागेल, नाहीतर पाय जाईल.

ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं काढायला सांगतात. माळ काढायला आम्ही नाही म्हटलं. वॉर्डातला पोरगा चिडला. तेवढ्यात एक म्हाताऱ्या सिस्टर आल्या, सत्तरीच्या असतील. त्यांनी डॉक्टरांशी दोन शब्द बोलून आमची माळ मनगटावर गुंडाळली, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि चिकटपट्टी लावली. म्हणाल्या, "दादा, तुमचा देव तुमच्याबरोबर आत येऊ द्या." एवढंच. मायबाप हो, तिथं आमचं अर्धं ऑपरेशन झालं.

पुढं बावीस दिवस रोज सकाळी त्याच सिस्टर पट्टी बदलायला यायच्या. खाटेवर आम्ही, आणि त्या खाली बुटक्या स्टुलावर. आमचा पाय आपल्या मांडीवर घ्यायच्या. पायाला वास यायचा. आमचा पोरगाही नाकाला रुमाल लावायचा. त्या कोमट पाण्यानं जखमेच्या कडा पुसायच्या, पू काढायच्या, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. पहिल्या दिवशी आम्ही पाय मागं ओढला. म्हटलं, "बाई, तुम्ही आमच्या आईसारख्या. आम्ही कीर्तनकार माणूस, तुम्ही आमचे पाय धुवायचे म्हंजे पाप लागंल." त्या हसल्या. म्हणाल्या, "पेत्रानं पण असाच पाय ओढला होता."

कोण हा पेत्र? मग रोज थोडं थोडं करून त्यांनी सांगितलं. त्या वसईकडच्या, केळीच्या बागायतदाराची लेक. त्यामुळं पाणी, पाट, गाळ ही भाषा दोघांनाही कळायची.

प्रभू येशूंना दुसऱ्या दिवशी क्रुसावर मरायचं होतं, त्याच्या आदल्या रात्रीची ही कथा. त्या मुलखात वाटा धुळीच्या, पायात साध्या वहाणा. घरी पाहुणा आला की त्याचे पाय धुवायचे, पण हे काम गड्याचं. त्या रात्री बारा शिष्य जेवायला बसले होते. गुरू उठले, अंगावरचं वस्त्र काढून ठेवलं, कमरेला टॉवेल बांधला, परातीत पाणी घेतलं आणि एकेकाचे पाय धुऊन पुसायला लागले. पेत्र म्हणजे शिष्यांतला मोठा. त्याची पाळी आली तसा तो म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. गुरूंनी सांगितलं, मग तुझा माझा संबंध राहणार नाही. तेव्हा पेत्र घाबरला आणि म्हणाला, मग पायच काय, हात आणि डोकंही धुवा. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात ही कथा आहे. बघा योग, आपलं अमानित्वही तेराव्यात.

आम्ही म्हटलं, "सिस्टर, पेत्राचं बरोबरच होतं. गुरूनं पाय धुवावेत हे शिष्याला कसं सोसंल?" त्या म्हणाल्या, "दादा, त्याला नम्र वाटत होतं, पण तो आपल्या गुरूला शिकवत होता. आपण कुठं वाकायचं ते आपणच ठरवलं, तर ती आपली मर्जी झाली. सेवा करून घ्यायलाही वाकावं लागतं."

हे शब्द आम्हाला लागले. पस्तीस वर्षं लोक आमच्या पाया पडत होते, ते आम्हाला सोसत होतं. कारण त्यात आम्ही वर होतो. पण कुजका पाय परक्या बाईच्या मांडीवर देणं सोसवेना, कारण त्यात आम्ही गरजू होतो. नम्रता म्हणून आम्ही जो पाय ओढला तो अभिमानानं ओढला होता.

आठव्या-नवव्या दिवशी आम्ही सहज विचारलं, "बारा जणांत तो दगा देणारा होता का?" त्या म्हणाल्या, "यहूदा? होता. त्याला धरून बारा. प्रभूला माहीत होतं की हा आज रात्रीच आपल्याला पकडून देणार आहे. पाय त्याचेही धुतले." आम्ही गप्प झालो. आमच्या भावानं आम्हाला कोणाच्या हाती दिलं नव्हतं. त्याच्या गळ्यात वीणा पडली, एवढाच त्याचा गुन्हा. आणि आमचे हात चार बोटं वर थांबत होते.

ख्रिस्ती लोकांत हे पाय धुणं अजून चालू आहे. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी देवळात धर्मगुरू बारा माणसांचे पाय धुतात. फ्रान्सिस म्हणून पोप झाले २०१३ साली. त्यांनी त्याच वर्षी रोममधल्या कोवळ्या पोरांच्या तुरुंगात जाऊन कैद्यांचे पाय धुतले. त्यात मुलीही होत्या, मुसलमानही होते. पण सिस्टर म्हणाल्या, "वर्षातून एक दिवस धुणं सोपं आहे दादा, तेव्हा सगळे बघत असतात. खरं काम बाकीच्या दिवसांचं."

मग ते बाकीच्या दिवसांचं काम कसं करायचं? त्यांच्यात याची वाट आखून दिलेली आहे. दीड हजार वर्षांपूर्वी इटली देशात बेनेदिक्त नावाचे संत होऊन गेले. त्यांनी मठात राहणाऱ्यांसाठी नियमांचा ग्रंथ लिहिला, त्याचा सातवा अध्याय नम्रतेवर. त्यात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. ही शिडी उलटी आहे. मोठेपणानं माणूस उतरतो आणि लहानपणानं चढतो.

पहिली पायरी, देव बघतोय याचं भान. आपल्या चार बोटांचं भान, म्हणा. पुढच्या पायऱ्यांत आपलाच हट्ट न चालवणं, वडीलधाऱ्याचं ऐकणं, अन्याय झाला तरी धीर न सोडणं, आणि मनात वाईट आलं तर ते लपवून न ठेवता गुरूजवळ सांगून टाकणं. सहावी पायरी, हलक्यातलं हलकं काम वाट्याला आलं तरी समाधान मानणं. आणि सातवी पायरी ऐकून आम्ही कान धरला. ती अशी की, मी सगळ्यांत लहान आहे असं नुसतं जिभेनं म्हणायचं नाही, ते काळजातून वाटलं पाहिजे. कीर्तनाच्या सुरुवातीला आम्ही नेहमी म्हणतो, आम्हाला काय येतंय, आम्ही पामर. आणि कोणी खरंच म्हणालं की महाराज, आज तुम्हाला काही जमलं नाही, तर त्या गावाची सुपारी पुढच्या वर्षी घेत नाही! शेवटच्या पायऱ्या बोलण्याच्या आणि वागण्याच्या. कमी बोलावं, हळू बोलावं, चटकन हसू नये, आणि आतली नम्रता चालण्या-बसण्यात दिसावी.

आता आपल्याकडं या. पंढरीच्या महाद्वारात नामदेव महाराज पायरी होऊन राहिले. एवढा मोठा भक्त, देव ज्याच्याशी बोलतो, त्यानं मागितलं काय? येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ. आळंदीला माऊलींच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. ज्यांनी माऊलींचा पालखी सोहळा बांधून दिला, ते गाभाऱ्याजवळ बसले नाहीत, दारातल्या पहिल्या पायरीशी राहिले. कार्तिकीत आळंदीचा सोहळा सुरू होतो तोच त्या पायरीच्या पूजेनं. बेनेदिक्तांनी पायऱ्या चढायला सांगितल्या, आपल्या संतांनी पायरी व्हायला सांगितलं. दोन्हींचा अर्थ एकच, पाय दुसऱ्याचा आणि जागा आपली.

पायरीला वंदन करणं सोपं आहे, ते आपण शंभर वर्षं केलं. पायरी होणं अवघड आहे. कारण पायरीला कोण पाय देणार ते निवडता येत नाही.

सिस्टर त्यांच्या दोन संत बायांच्या गोष्टी सांगायच्या. दोघींचं नाव तेरेजा. एक स्पेन देशातली, १५१५ साली जन्मलेली. तिचं सांगणं असं की नम्रता म्हणजे खरेपणानं चालणं. आहे त्यापेक्षा मोठं दाखवायचं नाही आणि आहे त्यापेक्षा लहानही दाखवायचं नाही. गळा देवानं दिलाय तर दिलाय म्हणावं, पण तो आपण घडवला असं म्हणू नये. शेतकऱ्याला हे लवकर कळतं. पेरतो आपण, पण उगवणं आपल्या हातात नाही.

दुसरी तेरेजा फ्रान्स देशातली. चोविसाव्या वर्षी क्षयानं गेली, १८९७ साली. तिनं कुठलं मोठं काम केलं नाही. मठातच राहिली, धुणं-भांडी केली. धुणं धुताना समोरची एक सिस्टर रुमाल असा आपटायची की घाण पाणी हिच्या तोंडावर उडायचं. मागं सरकून तोंड पुसावं, म्हणजे तिला कळेल, असं हिच्याही मनात आलं. पण ही सरकली नाही, उलट ते शिंतोडे प्रसादासारखे घ्यायचे असं तिनं ठरवलं. तिथं एक आजारी, चिडखोर म्हातारी सिस्टर होती. तिला संध्याकाळी हात धरून जेवायला न्यायचं काम हिनं आपण होऊन मागून घेतलं. हळू चाललं तरी म्हातारी बोलायची, भरभर चाललं तरी बोलायची. ही रोज न्यायची, बसवायची, आणि भाकर तोडून द्यायची. एवढंच. आपल्या घरात अशी कामं किती आहेत बघा. आणि ती कोण करतंय तेही बघा. बहुतेक सुनाच करतात, आणि त्यांच्या पाया कोणी पडत नाही.

तुम्हाला वाटेल, त्या सिस्टरांना राग येतच नसेल. एके दिवशी त्या वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशीवर ओरडल्या. बादली वाटेत ठेवली होती म्हणून. तासाभरानं परत आल्या, सगळ्या पेशंटांच्या देखत मावशीपुढं हात जोडले आणि म्हणाल्या, माझं चुकलं. आम्ही विचारलं, "एवढ्याशा गोष्टीला कशाला?" तर म्हणाल्या, "दादा, आम्ही रोज रात्री दिवसाचा हिशोब करतो, कुठं चुकलो, कोणाला दुखावलं. रात्रीपर्यंत ठेवलं की उधारी वाढते." मग हळूच म्हणाल्या, "सेहेचाळीस वर्षं झाली मला. अजून पहिल्या दोन पायऱ्यांवर वर-खाली चालू आहे."

इथं आम्हाला कळलं की नम्रता ही एकदा घेतली की गळ्यात राहणारी माळ नाही. ती रोजच्या रोज करायची मशागत आहे. एक पाऊस झाला की तण परत येतं, आणि खुरपं परत हातात घ्यावं लागतं. अपमान हाही पाऊसच समजा. वावराचंच बघा. वरचं वावर मुरमाड असतं आणि खालचं भारी. कारण प्रत्येक पावसात वरच्याची माती वाहून खालच्यात येते. खालच्या वावरानं काही केलेलं नसतं. ते फक्त खाली असतं.

आपल्याच नगर जिल्ह्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक राहून गेले. कोकणातल्या चित्पावन ब्राह्मणाच्या घरी जन्मले, १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि पुढं येशूवर मराठीत अभंग लिहिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. पूल काही एका बाजूनं जाण्यासाठी नसतो. आम्ही त्या पुलावरून पलीकडं गेलो, पाणी प्यालो आणि आपल्या तुकोबांकडं परत आलो. आलो तेव्हा त्यांचे पाय आधीपेक्षा नीट दिसले.

दवाखान्यातून घरी आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही काठी टेकत भावाच्या गोठ्यावर गेलो. तो धार काढत होता. पायाला पट्टी, वाकता येईना. म्हणून शेणाच्या जमिनीवर बसलो आणि डोकं त्याच्या पायावर ठेवलं. या वेळेला मध्ये चार बोटं ठेवली नाहीत. त्यानं पाय ओढला. म्हणाला, "दादा, आरं हे काय करतोस, तू महाराज माणूस!" आम्ही म्हटलं, "ओढू नको, राहू दे." तो काही बोलला नाही. बराच वेळ झाला. मग म्हणाला, "आन् बांधाचं काय?" आम्हाला हसू आलं. खरं होतं त्याचं. पाया पडून बांध सरकत नाही. पुढच्या नांगरटीला आमच्या बाजूनं चार तास सोडले, जुन्या खुणेपर्यंत. तेव्हा कुठं त्याच्या घरून चहा आला.

आता गोड शेवट करून खाली बसावं असं वाटेल. पण खरेपणानं चालायचं म्हणजे पुढचंही सांगितलं पाहिजे. ही गोष्ट आम्ही कीर्तनात सांगायला लागलो. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिसऱ्या गावी कीर्तन झाल्यावर लोक आणखी जास्त पाया पडले. घरी आलो तर आमच्या मंडळी म्हणाल्या, "पहिलं तुम्ही गळ्याचा तोरा मिरवत होता, आता पाया पडल्याचा मिरवता." तोंडावर घाण पाण्याचे शिंतोडे उडाल्यासारखं झालं. चार दिवस आम्ही घरात धड बोललो नाही. मग कळलं की सिस्टर परगावी राहिल्या, पण त्यांचं काम देवानं घरातच दुसऱ्या कोणाला नेमून दिलंय. तेव्हापासून ही गोष्ट कीर्तनात बंद केली. आज सात-आठ वर्षांनी सांगतोय, ते कमिटीनं विषय दिला म्हणून, आणि पुढं बसलेल्या आमच्या मंडळींना विचारून.

शेवटी दिंडीचं बोलू. महाद्वारात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांना देवळात घेतलं नाही. पुढं सहाशे वर्षं त्यांच्या लेकरांनाही घेतलं नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा दार उघडलं. तोवर आपण सगळे पायरीवर डोकं टेकून आत जात होतो, आणि मागं कोण राहिलं ते बघत नव्हतो. आपल्या दिंडीतही जुन्या काळी काही घरांची पंगत वेगळी बसायची, हे म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. इतिहास सांगताना काल ते राहून गेलं. दोष देत नाही. आमचे आजोबाही त्याच पंगतीत वाढत होते. पण शंभर वर्षांचा हिशोब करायचा तर रात्रीच्या हिशोबासारखा खरा करू. उधारी पुढच्या शंभरात न्यायला नको.

आणि एक विनंती, कमिटीला पटली तर. नवा विधी काढायला नको, वारीत विधी पुष्कळ आहेत. फक्त एवढं करावं, की येत्या वारीपासून पंगत उठली की भांडी कोणी घासायची याची चिठ्ठी टाकावी. त्या चिठ्ठ्यांत महाराजांचं नाव असावं, विणेकऱ्यांचं, चोपदारांचं आणि दिंडीचालकांचंही. रोज त्याच चार बाया भांडी घासतात आणि आम्ही तेवढ्या वेळात तक्क्याला टेकून नम्रतेवर बोलतो, हे बरं दिसत नाही. चिठ्ठी टाकायची नसेल तर पहिल्या मुक्कामाची भांडी आमच्याकडं द्या. साखरेमुळं चालणं कमी झालंय, पण बसून राख लावायला हात धड आहेत.

काही अधिक-उणं बोललो असेन तर पोटात घाला. आणि पोटात घालण्यासारखं नसेल तर तोंडावर सांगा. आम्ही पाय ओढणार नाही. ओढलाच, तर धरून ठेवा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय. रामकृष्ण हरी.